हक्काची जागा

विमानाची चाकं धावपट्टीला टेकली तसा त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मांडीवर ठेवून दोन चौकटींवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. चाळीस चौकटींपैकी आता दोनच कोऱ्या उरल्या होत्या.

“झालं,” तो म्हणाला. “आता परतीचं तेवढं. मग या वर्षाचं पुरं.”

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे, झाडांच्या वर, बंद पडलेल्या कारखान्याची विटांची चिमणी दिसत होती. त्या चिमणीच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत तिची आई राहत होती. टॅक्सीने पस्तीस मिनिटं.

“उतरल्यावर उजवीकडच्या जिन्याने वर,” तो म्हणाला. “बाहेर पडायचं नाही. परतीचं विमान एक तास पंचवीस मिनिटांनी आहे.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

तो लिफ्ट दुरुस्त करत असे. वर जाऊन खाली यायचं आणि कुठेच पोचायचं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलंय, असं ती चेष्टेत म्हणे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दुकानातल्या बायका तिच्या नवऱ्याला ‘वैमानिक’ म्हणत, कारण जवळजवळ दर महिन्याला एखाद्या शनिवारी ही दोघं कुठल्यातरी गावाला विमानाने जात, विमानतळावरच बसत आणि संध्याकाळी घरी परत येत. घरातलं कपाट दार निखळल्यापासून दोरीने बांधलेलं होतं. आणि यांना विमानं सुचतात, असं नातेवाईक तोंडावर म्हणत नसत एवढंच.

पण ते हौसेने चाललेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील गेले तेव्हा पुढचे तीन दिवस या गावाचं एकही तिकीट मिळत नव्हतं. तो विमान कंपनीच्या खिडकीपाशी सकाळपासून उभा होता. दोन जागा शिल्लक होत्या, पण त्या सोनेरी कार्डवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या. त्याच्यादेखत एका माणसाने खिशातून कार्ड काढलं, खिडकीतल्या बाईने “या साहेब” म्हटलं आणि एक जागा गेली. ती तिथे पोचली तिसऱ्या दिवशी, एक रेल्वे आणि दोन बस बदलून. वडिलांची खाट घडी करून भिंतीला लावलेली होती. त्या खाटेबद्दल ती घरी एकदाच बोलली, आणि त्यानंतर तो त्या कार्डाच्या मागे लागला.

या कंपनीत नवरा-बायकोचं खातं एकत्र ठेवता येई. दोघं एका विमानात बसली की दोन प्रवास धरले जात. वर्षाला चाळीस प्रवास केले की सोनेरी कार्ड टिकायचं, एकोणचाळीस झाले तर जायचं. कार्ड असलं की विमान कितीही भरलेलं असो, आदल्या दिवशी सांगितलं तरी दोन जागा मिळणारच. ही सवलत मात्र वर्षातून एकदाच. म्हणून तो वर्षभर डोळ्यांत तेल घालून स्वस्त तिकिटं शोधायचा. भल्या पहाटेची, सामान न नेता, जिथे कोणी जात नाही अशा गावांची. सहा वर्षं त्याने कार्ड टिकवलं होतं आणि ती सवलत एकदाही वापरायची वेळ आली नव्हती. लोक विमा उतरवतात, तसं हे, असं तो म्हणे. त्यात नको तितका जीव घातला होता त्याने, आणि तो कोणासाठी घातलाय हे तिला कळत होतं. म्हणून तर बोलता येत नव्हतं.

आईच्या गावाचं तिकीट एरवी परवडण्यासारखं नसे. या वेळी पहिल्यांदाच स्वस्त मिळालं, तेही जाऊन लगेच येण्याचं. उद्या कार्डाचं वर्ष संपत होतं.

“तासाभरात जाऊन दारातूनच परत यायचं, ते बरं दिसत नाही,” त्याने तिकीट काढतानाच सांगितलं होतं. “त्यापेक्षा सांगूच नको त्यांना. उन्हाळ्यात नीट चार दिवस जाऊ.”

असे उन्हाळे दोन झाले होते. त्याच्या रजा या फेऱ्यांतच संपत.

वरच्या मजल्यावर कार्डवाल्यांच्या लाउंजमध्ये दोघं खिडकीजवळ बसली. त्या खुर्च्या इतक्या खोल होत्या की त्यात बसलं की पाय अधांतरी राहत, म्हणून ती नेहमी पुढच्या कडेवर टेके. त्याने दोन ताटल्या भरून आणल्या. त्याला इथलं काही फुकट वाटत नसे. सगळं आपण विमानात बसून बसून कमावलंय, अशा थाटात तो जेवायचा.

तिच्या पर्समध्ये फोन वाजला.

“आईचा आहे,” ती म्हणाली.

“घे की. घरी आहोत म्हणून सांग.”

आई मोठ्याने बोलायची. फोन कानापासून लांब धरला तरी समोरच्याला ऐकू जाई.

“काय गं, जेवलात का?”

“जेवतोय. तू?”

“माझं झालं. शेजारीण आणून देते अजून.” आई थांबली. तिने श्वास घेतला. “कसला आवाज येतोय?”

वर कुठल्यातरी विमानाची घोषणा चालली होती.

“टीव्ही लावलाय यांनी,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. “शेजारीण का आणून देते? तुला करायला काय झालं?”

“काही नाही गं. दवाखान्यातून आल्यापासून ती मला ओट्यापाशी उभंच राहू देत नाही.”

त्याचा घास हातातच राहिला.

“कुठल्या दवाखान्यातून?” तिने विचारलं.

“ते जाऊ दे. तुमचं जेवण होऊ दे आधी,” आई म्हणाली. पोटात ठेवायची गोष्ट तोंडातून निसटली की ती असाच विषय बदलायची.

“आई.”

“मागच्या महिन्यात. चार दिवस होते फक्त. छातीत पाणी झालं होतं जरा. काढलं त्यांनी. आता बरी आहे मी.”

“आणि मला कळवलं नाहीस?”

“कळवणार होते.” पुन्हा श्वास. “फोन घेतलाही होता हातात. मग म्हटलं, ती तुमची जागा वर्षातून एकदाच मिळते ना? तूच सांगितलं होतंस. एवढ्याशासाठी ती घालवली आणि पुढे खरंच लागली तर काय करायचं? मी डॉक्टरांना सांगितलं, माझी मुलगी केव्हाही येऊ शकते, तिच्याकडे कार्ड आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, मी बोलावते. तेही म्हणाले, मग काळजी नाही.”

तिने नाक ओढलं. चार दिवस आई तिथे एकटी पडून होती, आणि चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी काढून ठेवाव्यात तशी तिने मुलगी राखून ठेवली होती. पुढच्यासाठी.

“रडतेस की काय?” आई म्हणाली. “बरी झाले की मी. आणि ते कार्ड नीट सांभाळा हां. जावयांना म्हणावं, वर्ष संपत आलं असेल.”

“हो,” ती म्हणाली. “संपत आलंय.”

त्यांच्या विमानाची घोषणा झाली. सोनेरी कार्डवाल्यांनी आधी यावं, अशी. एरवी तो या घोषणेला सगळ्यांत पहिला उठायचा. शर्ट नीट खोचून रांग ओलांडून पुढे जायचा. आज तो बसून राहिला.

तिने फोनवर तळहात दाबून धरला.

“मी जाते तिच्याकडे,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही जा परत. तुमची एक चौकट तरी भरेल.”

“एकीने काही होत नाही,” तो म्हणाला. “एकोणचाळीस होतात.”

“कळतं मला ते.”

“कार्ड जाईल. उद्या खरंच काही झालं, तर पुन्हा त्या खिडकीपाशी उभं राहायचं आपण. तुला आठवतंय ना?”

“मला खाट आठवते,” ती म्हणाली.

त्याने खिशातला कागद काढला. अडतीस फुल्या नीट, सारख्या मापाच्या, तो लिफ्टच्या वायरींवर खुणा करायचा तशा काळजीने केलेल्या. त्यांतल्या चार मागच्या महिन्यातल्या होत्या, पुढे तारीख घातलेली. तो त्या तारखेवर बोट ठेवून थांबला. त्या शनिवारी ती दोघं तिसऱ्याच एका गावच्या विमानतळावर बसून सफरचंद कापून खात होती.

तळहाताखालून आईचा आवाज येत होता. “हॅलो? अगं, ठेवलास का फोन?”

एक वाक्य, मग श्वास. आता त्यालाही तो नीट ऐकू येत होता.

दाराशी गणवेशातली मुलगी आली आणि अदबीने म्हणाली, “सर, शेवटची घोषणा झाली. दोघंही येताय ना?”

त्याने कागदाची घडी घातली आणि तो ताटलीखाली सरकवला. मग बायकोपुढे हात केला. तिने फोन दिला.

“आई, मी बोलतोय.”

“अहो, तुम्ही ऐकत होता की काय सगळं?” आई एकदम नरमाईने म्हणाली. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.”

“नाही. एक विचारायचं होतं. दुपारी पडता तेव्हा दाराला आतून कडी लावता का?”

“लावते की. का हो?”

“आज लावू नका.”