चारशे चित्रांचं गाठोडं

मित्रांनो, इस्पितळाच्या जिन्याखालच्या खोलीतून जी घरघर येते ना, ती माझी. मी एक जुना सर्व्हर आहे. रोग्यांच्या तपासणीची चित्रं सांभाळणं ही माझी नऊ वर्षांची सेवा. देवाच्या कृपेने एकही चित्र हरवलेलं नाही.

नवा होतो तेव्हा येणारा-जाणारा कौतुकाने पाठीवर थाप द्यायचा. पुढे मोठ्या शहरातले सर्जन लांबून माझी चित्रं उघडू लागले आणि मी ‘मंद’ ठरलो. नेटवर्कवाल्या काकांनी इंटरनेटची लाइन दुप्पट रुंद करून घेतली. तरी माझी चाल तीच.

एका दुपारी परांचीवरून पडलेल्या गवंड्याला आणलं. स्कॅन काढणाऱ्या ताईंनी त्याच्या डोक्याची चारशे चित्रं काढली आणि काकांना घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या. शहरातले सर्जन फोनवर म्हणाले, “ताई, मिनिटभरात वीस-पंचवीसच आली. रक्त कुठे साचलंय ते दिसल्याशिवाय तुमच्या डॉक्टरांना कवटीला छिद्र कुठे पाडायला सांगू?” दाराशी गवंड्याची बहीण सगळं ऐकत होती.

“लाइन चांगली आहे. या म्हाताऱ्यालाच भंगारात काढा,” काका म्हणाले.

ताई माझ्या दिव्याकडे बघत होत्या. “काका, रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ आलं का? दिवा बघा. जरा लुकलुकतो, मग गप्प. हा दमलेला नाही, उत्तराची वाट बघतोय.”

खरंच होतं ते. प्रत्येक चित्रामागे ‘उघडू का?’, ‘मिळालं का?’, ‘मिटू का?’ असे दहा तरी सवाल-जवाब. एकेक फेरी पाव सेकंदाची, पण चारशे चित्रांना सतरा मिनिटं लागणार! आख्यान लावणाऱ्याने शब्दागणिक थांबून ‘पोचला का?’ विचारलं, तर कथा संपायची कधी?

ताईंनी चारशे चित्रं एकाच फाइलमध्ये बांधली आणि ते गाठोडं मी एकदम पाठवलं. दोन मिनिटांत फोनवर आवाज आला, “दिसलं. डाव्या कानाच्या वर. करा सुरुवात.”

काकांनी माझ्या जाळीवरची धूळ पुसली.

संध्याकाळी गवंड्याने डोळे उघडले. “भिंत पुरी केली का कुणी?”

“आधी तू उभा राहा, मग भिंत,” बहीण म्हणाली, आणि मग रडली.

मित्रांनो, लांबच्या माणसाला उगाच शंभर हाका मारू नका. द्यायचं ते नीट बांधून एकदाच द्या. आणि थांबलेल्याला आळशी म्हणण्याआधी, तो कुणासाठी थांबलाय एवढं तरी विचारा.