डोरीनचं कॉर्डियल

यॉर्कशरच्या डोंगरातल्या त्या गावात कुणी तुमच्याशी अदबीनं बोलू लागलं, की समजावं, काहीतरी बिनसलंय. जिव्हाळा असला की माणसं एकमेकांची खरडपट्टी काढतात. आणि डोरीन गेले तीन आठवडे शेजारच्या हेस्टरला 'मिसेस मेटकाफ' म्हणत होती.

गुन्हा एवढाच, की गावच्या प्रदर्शनात हेस्टर परीक्षक होती आणि डोरीनच्या कॉर्डियलला, म्हणजे एल्डरच्या फुलांच्या सरबताला, तिनं दुसरा नंबर दिला. शनिवारी डोरीन कायमची लेकीकडे लीड्सला जाणार होती. पन्नास वर्षांची मैत्री अशी कोरड्या नमस्कारावर संपणार, या विचारानं हेस्टरला घास उतरेना. बुधवारी मनाचा हिय्या करून ती गेली. 'चुकलंच माझं, पहिला नंबर तुझाच' असं म्हणायचं घरूनच ठरवलं होतं.

डोरीननं ठेवणीतल्या ग्लासात कॉर्डियल पुढं केलं. "घ्यावं, मिसेस मेटकाफ."

जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेली हेस्टर गडबडली, की शिकवायलाच लागायची. "कॉर्डियल हा शब्द काळीज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय, माहितीये? पूर्वी काळीज थकलं की वैद्य असलं पेय द्यायचे. मग काळीज निववणाऱ्या वागण्यालाही लोक कॉर्डियल म्हणू लागले. आता मात्र वकिलाच्या पत्रात तो शब्द दिसला की ओळखावं, दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"उपयुक्त माहिती. आभारी आहे."

हेस्टरनं घोट घेतला आणि ठरवलेलं सगळं विसरली. "डोरीन, लिंबू जास्तच झालंय गं. तेव्हाही झालं होतं."

डोरीनची मान लाल झाली.

"लिंबू जास्त? अगं, पोरांना लॅटिनचे काढे पाजून पाजून तुझीच जीभ मेलीय, थेरडे! तुझा केक खाऊन माझी कवळी दोनदा मोडली, मी बोलले कधी?"

"दर वेळी बोललीस."

"बोलणारच! विटेला केक म्हणायचं का?"

हेस्टरला इतका आनंद झाला, की तिला रडूच कोसळलं. त्यावरूनही डोरीननं तिला झापलं, स्वतःचा रुमाल तिच्या हातात कोंबला आणि शेजारी बसली.

"लीड्सला सगळे माझ्याशी फार गोड बोलतात गं," डोरीन म्हणाली. "माझं कसं व्हायचं?"