काजळ्याचा वाटा

दादासाहेबांच्या जावयानं परदेशातून एक दुर्बीण आणली आणि त्या हिवाळ्यात डाळजच्या शिवारात दुसरा विषयच उरला नाही. साधीसुधी नव्हे हो! बटण दाबलं की काचेत तांबडा आकडा उमटायचा, समोरचं झाड इतक्या मीटरवर. दादासाहेब आल्यागेल्याच्या गळ्यात ती अडकवत सुटले. त्यांची रायफल पिकाच्या राखणीसाठी म्हणून घेतलेली, पण मिरवायची हौस दांडगी.

"सिद्धू, आकडा तू बघायचा, नेम मी धरायचा," ते म्हणाले आणि सिद्धूची छाती फुगली. येडाच तो! बापानं मेंढरं विकली तेव्हा कळपामागच्या कुत्रीचं एक काळं पिल्लू तेवढं त्यानं ठेवून घेतलं होतं. तोच हा काजळ्या. घरात पोर नाही, त्यामुळं सिद्धू आणि त्याची बायको भागूबाई यांची सगळी माया त्याच्यावर. रानडुकराच्या मागं सोडला की काजळ्या त्याला अडवून धरायचा, म्हणून दादासाहेबांनाही तो हवाहवासा.

शिकारीचा गावात एक रिवाज होता, तो म्हातारे हिंदुराव सांभाळायचे. मटणाचे वाटे तेच घालायचे. अडवणाऱ्या कुत्र्याला माणसासारखा वाटा. कुत्रं डुकराच्या सुळ्यानं मेलं तर त्याच्या मालकाला दुहेरी. पण ज्याच्या हातून आपलंच कुत्रं मेलं, त्याला त्या शिकारीत बोटभरही नाही, आणि वर्षभर बंदुकीला हात लावायचा नाही.

मक्याची नासाडी करणारं डुक्कर एका दुपारी ओढ्यात निघालं. दादासाहेब आणि सिद्धू टेकडीच्या अगदी कड्यावर बसले होते, खाली उभा उतार. काजळ्यानं डुक्कर पायथ्याला आणलं आणि पलीकडून वाट अडवून भुंकत राहिला.

"दोनशे दहा!" सिद्धू दुर्बिणीतून ओरडला.

आता मेंढपाळाच्या पोराला एवढं कळायला हवं होतं! कड्यावरून गोफण मारायची तर धोंडा लांब जातो, म्हणून जनावराच्या पायाशी मारायचा. दुर्बीण मोजते ते तिरकं अंतर. गोळी मात्र खाली पडते ती सपाटीवरच्या अंतराच्या हिशेबानं, आणि ते कितीतरी कमी असतं. आकड्याइतकी बंदुकीची नळी उचलली तर गोळी वरून जाणार. "पायाशी धरा" हे सिद्धूच्या अगदी ओठावर आलं होतं. पण काचेतला तो तांबडा आकडा! परदेशातलं यंत्र का चुकतंय? तो गप्प बसला.

दादासाहेबांनी आकड्याप्रमाणं नळी उचलली. गोळी डुकराच्या पाठीवरून गेली आणि पलीकडं काजळ्या कोलमडला. दुसऱ्या गोळीला डुक्कर पडलं. सिद्धू धडपडत खाली पोचला तेव्हा काजळ्यानं एकदा शेपूट हलवली, आणि संपलं.

"सुळा लागला म्हणायचं," मागून दादासाहेब हळूच म्हणाले. "कळलं न्हवं?"

सिद्धूनं मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे! मळ्यात हिंदुरावांनी वाटे घातले, काजळ्याचा दुहेरी वाटा सिद्धूच्या पदरात टाकला आणि म्हणाले, "मर्दाचं मरण आलं बघ कुत्र्याला." चारचौघांनी माना डोलावल्या. सिद्धूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी भागूबाई रडत रडत काजळ्याला पाणी घालत होती. पुरण्याआधी पोराला घालावं तसं. मधेच तिचा हात थांबला.

"अवो, सुळा फाडतो. हे तर गोल भोक हाय."

सिद्धूनं तोंड फिरवलं. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा चुलीवरच्या मटणाच्या पातेल्याकडं, आणि चुलीतलं लाकूड ओढून बाहेर काढलं.

"ह्ये मी शिजवायची न्हाय," ती म्हणाली.

सिद्धूनं पातेलं उचललं आणि तसाच मळ्यात गेला. तिथं उरलेल्या मटणाची पंगत बसायच्या बेतात होती. त्यानं पातेलं हिंदुरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"आबा, सुळा न्हाय. गोळी हाय."

दादासाहेब हसले. "आरं, पण आकडा कुणी सांगितला? तूच ना?"

"व्हय, मीच. वरनं खाली मारताना पायाशी धरायचं, ह्ये ठावं असून गप बसलो." सिद्धूनं पातेलं आणखी पुढं सरकवलं. "आकडा माझा, गोळी तुमची. म्हंजे दोघांलाबी वाटा न्हाय. बोला की आबा, रिवाज तुमचाच हाय!"

हिंदुरावांनी चुलाण्याकडं बघितलं. मग दादासाहेबांच्या रायफलीकडं बघितलं. ट्रॅक्टर त्यांचा, विहीर त्यांची, बसायला ही जागाही त्यांचीच.

"सिद्धूचं खरं हाय," हिंदुराव शेवटी म्हणाले. "त्येनं चूक कबूल केली. त्येला वाटा न्हाय."

आणि त्यांनी पळी रश्शात बुडवली. पहिली वाटी दादासाहेबांची भरली.