आरंभीचा अंदाज

गणिताला सुरुवातीला द्यायच्या अंदाजाच्या फाइलमधली हवेची लाट तिने पुसली, तिथे सगळीकडे शून्य भरलं आणि गणित पुन्हा चालू केलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उगाचच चहाच्या रिकाम्या कपात बघत बसला. प्रयोगशाळेत त्याला सगळे शंकासुर म्हणत. कुणाचंही काम हातावेगळं झालं की हा हजर: "पण हे खरं कशावरून?" काल त्याने तिलाही तेच विचारलं होतं, फक्त नेहमीची टवाळी न करता.

काम तसं दवाखान्यातल्या स्कॅनसारखं. उपग्रह पुढे सरकता सरकता एकाच हवेचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतो आणि संगणक ते जुळवून हवेचा उभा छेद काढतो. जोराचा वारा डोंगरावर आदळला की पलीकडे हवा खाली कोसळते, पुन्हा उसळते, आणि तिची लाट थेट वरच्या थरांपर्यंत चढत जाते. खालून बघणाऱ्याला आकाश निरभ्रच दिसतं. पण त्या कोसळत्या हवेत सापडलेलं छोटं विमान सावरणं कठीण असतं.

तिचा दादा वैमानिक. त्याचं छोटं विमान डोंगरापलीकडच्या उतारावर पडलं होतं. दादासकट तिघे गेले. वैमानिक नको तितक्या खालून चालला होता, असं चौकशी समितीचं मत जवळजवळ झालंच होतं. शिक्कामोर्तब करण्याआधी त्यांनी प्रयोगशाळेकडे त्या दिवसाच्या हवेची विचारणा केली होती. "तू यात पडू नकोस," असं साहेबांनी बजावलं होतं. ती पडलीच. इतकी वर्षं या लाटांच्या मागे घालवायची आणि सख्ख्या भावाच्या वेळी हात बांधून बसायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

आणि काल पडद्यावर लाट उभी राहिली. नेमकी त्या उतारावर, चांगली ठसठशीत. तिला रडू फुटलं. साहेबांना दाखवण्याआधीच तिने वहिनीला निरोप धाडला होता: लाट सापडली. दादाची चूक नव्हती.

गणित संपलं. आजूबाजूच्या डोंगरांवरच्या लाटा होत्या तशाच राहिल्या होत्या. त्या उतारावर मात्र सगळं सपाट होतं.

"तिथले फोटो बघितलेस?" शंकासुराने हळूच विचारलं.

"एकच धड आहे. बाकीच्यांवर उन्हाची चमक आलीय. एका कोनातून कसला छेद निघतोय?"

"म्हणजे लाट नव्हतीच, असं नाही."

"होती असंही नाही. मी लाट धरून सुरुवात केली. ती खोडून काढायला फोटोच नव्हते, मग माझीच लाट मला परत मिळाली." ती कसंनुसं हसली. "नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच बजावते रे मी."

शंकासुराने या वेळी कशावरच शंका घेतली नाही. त्या जागेबद्दल काहीही सांगता येत नाही, एवढंच तिने अहवालात लिहिलं, तो साहेबांकडे पाठवला आणि पर्स उचलली. वहिनीला हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

वहिनीने दार उघडलं. समोरच्या भिंतीवर दादाचा गणवेशातला फोटो होता. अपघातानंतर वहिनीने त्याचे सगळे फोटो कपाटात कोंबले होते. तिला बघवत नसेल, असंच घरच्यांनी धरलं होतं.

"काल तुझा निरोप वाचला आणि आधी स्टूलवर चढले," वहिनी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा किती दिवसांनी सैल पडला होता. "बस ना. उभी का?"

"वहिनी, माझं चुकलं. ती लाट खरी नव्हती. म्हणजे, मीच घातलेली होती."

मग तिने सगळं सांगितलं. टेबलावरचा कसलासा डाग वहिनी नखाने खरवडत राहिली.

"तू काय धरून चालली होतीस?"

"दादाची चूक नसणार, हे."

"मी उलटं धरून चालले होते." वहिनीचं नख थांबलं. "खालून गेलं की वेळ वाचतो, म्हणायचा. वर फुशारकी! कितीदा भांडले असेन त्याच्याशी. शेवटी आणखी दोघांना घेऊन गेला. इतके महिने मी त्याच्यासाठी रडले नाही गं. नुसते दातओठ खात जगले. काल पहिल्यांदा रडले."

खालून जाण्याच्या त्या गोष्टी दादाने तिलाही सांगितल्या होत्या. ती मान खाली घालून बसली.

"दुसऱ्या कुठल्या उपग्रहाला दिसलं असेल?"

"नाही. त्या वेळी तिथे दुसरा नव्हताच."

"मग पुढे कधी?"

"ती हवा केव्हाच निघून गेली, वहिनी. आता कधीच कळणार नाही."

वहिनीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"काल मी त्याला माफ केलंय," ती म्हणाली. "त्या माफीचं आता काय करू?"

वहिनीने कोपऱ्यातलं स्टूल ओढत फोटोखाली आणलं.

"जरा धर. डुगडुगतं हे."

तिने दोन्ही हातांनी स्टूल धरलं. वहिनी वर चढली, तिने चौकट खिळ्यावरून काढली, आणि ती हातात घेऊन तशीच उभी राहिली. फोटो परत लावेना, की खाली उतरेना.