लांब दांड्यांचा अँटेना

आमच्या छपरावरचा अँटेना कुणीही येऊन बघावा असा होता. आखूड दांड्यांचा, तोंड सरकारी केंद्राकडे. खरा होता माळ्यावर, कौलांच्या आत. त्याच्या दांड्या माणसाच्या उंचीहूनही लांब, कारण सरहद्दीपलीकडचं बव्हेरियातलं केंद्र चार नंबरच्या चॅनेलवर चालायचं आणि त्या चॅनेलच्या लहरीच लांब. तिथे लबाडी चालत नाही. लांब दांडी दिसली की शेंबडं पोरही सांगायचं, हे घर पश्चिमेचं बघतं. ते केंद्र ज्या डोंगरावर होतं त्याचं नाव बैलमुंडी, म्हणून आम्ही अँटेनालाही बैलमुंडीच म्हणायचो.

बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि लगेच या बैलमुंड्यांवर मोहीम निघाली. सरकारी तरुण संघटनेची पोरं दर रविवारी शिड्या आणि करवती घेऊन गावात यायची, कर्णा लावून घराघराचं नाव पुकारायची. शिक्षक हॉयर सापडला, तर त्याचं नाव दुधाच्या दुकानावर चिकटवलं आणि त्याची नोकरी गेली. माझा नवरा आर्नो भरतकामाच्या गिरणीत मशीनवर होता. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मिल्डा, आजच उतरवतो," तो म्हणाला.

"सुगीच्या रविवारनंतर उतरव. त्याआधी हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे!"

आमची एकुलती एक लोरे वसंतात बर्लिनला जाते म्हणून गेली, ती थेट सरहद्दीपलीकडे नुरेंबर्गला पोचली. मग भिंत झाली. पोरगी पुन्हा कधी दिसेल, दिसेल तरी का, देव जाणे. आणि आमच्या पाद्रीबाईंनी कानात सांगितलं होतं, की सुगीच्या रविवारी, पिकासाठी देवाचे आभार मानतात त्या दिवशी, दुपारी तिथल्या चर्चची गाण्याची मंडळी टेलिव्हिजनवर येणार आणि त्यांत लोरे उभी असणार. मला तिचं तोंड बघायचं होतं. बस्स, एवढंच.

त्या दुपारी मनुकांचा केक तसाच पडून होता. पडदे ओढलेले, आवाज पार बंद. भिंतीला कान असतात, आणि आमच्या भिंती तर पातळ. मी सेटसमोर, आर्नो खिडकीशी.

"आले," तो म्हणाला. "आपल्याच गल्लीत वळले."

"मग वर जा आणि झाक ना ते! उभा काय राहिलास ठोंब्यासारखा?"

तो धावत वर गेला. बैलमुंडीवर चादरी, उशांचे अभ्रे, माझा परकर, हाती येईल ते सगळं टाकून खाली आला. कपडे कोरडे होते म्हणून बरं, ओले असते तर चित्र तिथेच गेलं असतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात सिगमार. कुणीही परवडलं असतं, पण हा नको होता. पेंटेकॉस्टच्या सणाला याचा आणि लोरेचा साखरपुडा व्हायचा होता. त्याआधीच ती त्यालाही न सांगता गेली. तेव्हापासून तो संघटनेत सगळ्यांच्या पुढे असायचा, आणि रस्त्यात मला बघून मान फिरवायचा.

"माळा बघायचाय, आर्नोकाका."

"बघ की. धुणं वाळतंय नुसतं."

सिगमार जिन्यात थांबला. "रविवारी धुणं? तेही सुगीच्या रविवारी? मिल्डामावशी कधीपासून इतकी पाखंडी झाली?"

मेलो आम्ही! आमच्या गावात रविवारी दोरीवर रुमालसुद्धा दिसला तर आठवडाभर तोंडं चालतात. तो वर गेला, मागून आर्नो. सेट बंद करायला हवा होता, कळत होतं मला. पण बंद केला की पुन्हा तापून चित्र यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि नेमकी तेव्हाच मंडळी आली. पांढरे सदरे, ओळीने तोंडं. कॅमेरा एकेकीवरून सरकत होता. ही नाही. ही पण नाही. वर पावलं वाजत होती. आणि कडेला ती हनुवटी, माझ्या आईची हनुवटी...

चित्रात भस्सकन मुंग्या भरल्या. वर कुणीतरी बैलमुंडी हलवली होती.

"गेलं!" मी किंचाळले. "अरे गेलं ना! मागे घे, मागे!"

काय करणार, सवय! घरोघरी असंच चालायचं. एकाने वर दांडी फिरवायची, दुसऱ्याने खालून ओरडायचं. पण ओरडले आणि जीभ चावली. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ते उगीच नाही.

वरची पावलं थांबली. बाहेर कर्ण्यावर शेजाऱ्यांचं नाव चाललं होतं. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय? मी जिन्याशी धावले.

"लोरे आहे रे आत," मी म्हटलं. मला रडूच फुटलं. "गातेय. एकदा बघू दे, मग काय तोडायचं ते तोड."

वर लाकूड हळूच करकरलं.

"आता?" सिगमारने वरून विचारलं.

मी सेटकडे पळाले. "नाही! अजून थोडं डावीकडे."

"आता?"

"आलं! आलं रे! सोडू नकोस, तसंच धर."

आणि त्याने धरलं. इतकं स्वच्छ चित्र आमच्या घरात कधी आलं नव्हतं. लोरेने केस कापले होते. ती बारीक झाली होती, पण हसत होती. हातात गाण्याची वही होती आणि त्या हाताच्या बोटात कुणाची तरी नवी अंगठी. मी पडद्यावर तळवा ठेवला. बाहेरून कुणी ओरडलं, "सिगमार, सापडलं का काही?" तो ओरडला, "बघतोय अजून!"

गाणं संपलं, मग करवतीचा आवाज आला. त्याने एकेक दांडी कापून माळ्याच्या खिडकीतून रस्त्यात टाकली. "जुनं भंगार पडलं होतं!" असं खाली सांगितलं. "वायरही नाही याला. नाव लिहू नका."

तो खाली आला तेव्हा कपड्यांवर धूळ आणि जळमटं होती. आर्नोने केकचा तुकडा पुढे केला, त्याने घेतला नाही. दाराशी मात्र घुटमळला.

"मावशी, बरी आहे का ती?"

"बरी आहे."

त्याने टोपी हातात फिरवली. माझ्याकडे बघेना.

"हातात काही... अंगठी वगैरे होती का?"

ज्याने चित्र धरलं त्याला चित्र दिसत नाही.

"हात कुठले दिसायला, बाळा," मी म्हटलं. "मुंग्याच मुंग्या होत्या नुसत्या."