तीनकोनी खोलीतला धवला

हिरामण आणि काळूराम या सख्ख्या भावांनी उरणातलं बापाचं घर वाटून घेतलं, तेव्हा इंचाइंचावरून इतकी जुंपली की शेवटी गवंड्याने कंटाळून मधल्या खोलीत भिंत तिरकी घातली. हिरामणाच्या वाट्याला तीनकोनी खोली आली. चार पाहुणे जेवायला आले तर पाट कुठे मांडावेत, कळायचं नाही. त्यांची आई सोनाबाई मात्र त्या खोलीवर खूश होती. ती धवलारीण, लग्नातली धवला-गाणी गाणारी. आगऱ्यांच्या घरी देवापुढे तिने धवला गायल्याशिवाय लग्न लागायचं नाही. तीनशे लग्नं तिने लावली असतील. आता साठी उलटली होती, आवाज पिचला होता, बोलावणी बंद झाली होती. पण या खोलीत निमुळत्या कोपऱ्याकडे तोंड करून गायलं की भिंती तिचा आवाज उचलून धरायच्या आणि तो पूर्वीसारखा भरून यायचा. तिला एकच हाव उरली होती. नात रतनचा धवला याच खोलीत आपण गायचा.

रतनचे सासरचे मुंबईचे. त्यांच्यापुढे उणं दिसायला नको म्हणून हिरामणाने फोनो आणला. तबकडी लावली, तर सनई वाजतेय की पत्रे कोसळतायत, समजेना.

“आये, या घरान आवाज का घुमतंय गो? तुला ठावं असंल.”

वाटणीनंतरच्या चार वर्षांत लेकाने तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. म्हातारी विरघळली. कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहून तिने टाळ्या वाजवल्या, कान दिला. निमुळत्या कोपऱ्यात आढ्यापर्यंत पेंढा रचून घेतला. तिरक्या भिंतीवर स्वतः शिवलेल्या गोधड्या टांगल्या, खाली गोणपाटं अंथरली. संध्याकाळी सनई कशी स्वच्छ आली!

“आये, तू नसतीस तं जमलंच नसतं,” हिरामण म्हणाला.

या एका वाक्यावर बाई आठ दिवस हवेत होती. गळा राखायचा म्हणून तिने त्या आठवड्यात तोंडातून एक ओळ काढली नाही. यंत्राचं घुमणं मारलं की आपलंही मरतं, एवढी साधी गोष्ट, पण आयुष्य गाण्यात घालवलेल्या बाईला सुचली नाही. लेकाचं कौतुक कानात भरलं होतं, दुसरं काही शिरणार कुठून?

हळदीच्या दिवशी खोली भरली. विहीण सत्यवती जरीचं लुगडं सावरून पुढेच बसली. सोनाबाईने देवापुढे हात जोडले आणि सूर लावला.

आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच पडला. चिरका, दमलेला, प्रत्येक शब्दाला धाप लागलेला. क्षणभर तिला वाटलं, दुसरंच कुणी गातंय. तिने जोर केला, तसा तो फाटला. सत्यवतीने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

“बा, आजीला थांबव ना,” हळदीने माखलेली रतन पुटपुटली. गोधड्यांच्या कृपेने त्या खोलीत पुटपुटणंसुद्धा सगळ्यांना नीट ऐकू आलं.

हिरामणाने फोनोला चावी दिली. सनई सुरू झाली, मंडळी सैलावून बसली. सोनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, पण तो काढावा कुणावर? गोधड्या तिनेच टांगल्या होत्या. ती उठून दाराकडे निघाली.

“आये, थांब.”

तिने वळून पाहिलं. लेकाला कणव आली असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरले. हिरामण मान तिरकी करून सनई ऐकत होता.

“या दारापाशी अजून जरा खडखडतंय. हितं गोधडी कमी पडली. तू हितंच बस, भिंतीला टेकून.”

ती बसली. पाठ भिंतीला लावली. खडखड थांबली.

“आता हलू नको,” तो म्हणाला आणि पाहुण्यांसाठी त्याने तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.