आकाशदिव्याची दोरी

कोजागिरीला एकच दिवस उरला होता आणि जमुनाबाईंचा उजवा हात कमरेच्या वर जायला तयार नव्हता.

ही सन अडतीसची गोष्ट. अर्जुनीत नंदलालजींच्या अंगणातला उंच बांबू सगळ्या आळीला ठाऊक होता. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज दिवेलागणीला जमुनाबाई कामट्यांच्या कंदिलात पणती ठेवायच्या आणि दोरी ओढून तो कंदील बांबूच्या टोकाला चढवायच्या. आकाशदिव्याचा हा नेम सासूबाईंनी डोळे मिटताना त्यांच्या ओटीत घातला होता. "दोरी तुझ्याच हाती राहू दे, बाई," एवढंच म्हणाल्या होत्या. अडचणीचे चार दिवस सोडले तर बारा वर्षांत खंड नव्हता.

आणि आता नवमीच्या सकाळपासून खांदा असा धरला होता, की वेणीसुद्धा मोठ्या जाऊबाई, अनुसयाबाई, घालून देत. तुळशीला पाणी डाव्या हातानं घालायचं आणि रोज तिची क्षमा मागायची, असं चाललं होतं.

"डाक्टर बोलले, खांदा आखडला," त्यांचे यजमान नंदलालजी म्हणाले. "शेक घे, तेल लाव, हात हलवत राहा. सहा महिने लागतील म्हणे."

"सहा महिने! आन् कोजागिरी उद्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "आखडला-बिखडला काई नाई. कोनाची तरी नजर लागून राहिली. केशोरीच्या पल्याड बायजाबाई हाय, नुसता हात ठेवते आन् मानूस हलकं होते म्हनतात. जाऊन पाहू."

"दिवा तुम्हीच चढवा ना यंदा," नंदलालजी वहिनींना म्हणाले.

"नाही," जमुनाबाई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलत, की ऐकणाऱ्याला कान द्यावा लागे. पण ते 'नाही' सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याच सकाळी छकडा निघाला. वाटेत दोन्हीकडं धानाच्या लोंब्या वाकल्या होत्या, तळी काठोकाठ होती. जमुनाबाईंचं लक्ष कुठंच नव्हतं. डाव्या हातात माळ फिरत होती आणि डोळ्यांपुढं लहानपणी माहेरी पाहिलेला भगत होता: मोकळे सोडलेले केस, लिंबाच्या डहाळीचे फटके, आणि "बोल, कोण आहेस तू?" असा दरडावणारा आवाज. आपल्याला असंच विचारलं तर? आणि आपल्या तोंडून ते खरं बाहेर पडलं तर? जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते?

बायजाबाईंचं घर रानाच्या कडेला होतं. साठीची, काळीसावळी बाई अंगणात सुपानं लवकर निघालेलं हलकं धान पाखडत होती. कोपरापर्यंत गोंदलेले हात.

"या माय. उन्हातून आल्या, पानी प्या आधी."

पाणी पिऊन जमुनाबाईंनी भीत भीत विचारलं, "केस सोडू का?"

"कायले? उवा पाहाच्या हायेत का?"

अनुसयाबाईंच्या टोपलीतून त्याच वेळी 'कुक्' असा आवाज आला. जमुनाबाईंनी वळून पाहिलं. "जाऊबाई, टोपलीत लाडू आहेत म्हणालात ना?"

"कोंबडी हाय," अनुसयाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "काळी. यांच्या देवाले."

जमुनाबाई टोपलीपासून मागे सरकल्या. "माझ्या नावानं जीव? उद्या दिवा लावायचा आणि..."

"थांबा, थांबा," बायजाबाई सूप खाली ठेवत म्हणाल्या. "खांदा इचा दुखून राहिला. कोंबडीनं काय केलं? अंडे देते का?"

"देते."

"मंग घरी न्या. मी भगत नाई, बाई. बाधा काढत नाई, भविष्य सांगत नाई. माह्या आजीनं शिकवलं, तसा हात ठेवतो, बस. दवाखान्यात गेली होती का?"

जमुनाबाईंनी डाक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"ते सोडू नको. शेक, तेल, हात हलवनं, सारं करत राहा. माहा हात त्याच्यासंगं, त्याच्या जागी नाई." बायजाबाईंनी चटई अंथरली. "नेसल्या लुगड्यानं नीज, नाईतर भिंतीले टेकून बस. मी डोक्यावर, खांद्यावर, पोटावर हात ठेवीन. दाबनार नाई. ऊब वाटंल, मुंग्या येतील, नाईतर काईच वाटनार नाई. कोनी रडते. एक पाटील तर असा घोरला, का बैल बुजले! नको वाटलं तर 'पुरे' म्हन. मी उठतो."

"मंत्र?"

"तुहा तूच म्हन. मी चूपच राहतो."

मग बायजाबाई चटईच्या कडेला बसल्या. समोरच्या बाईच्या गळ्यातली तुळशीमाळ त्यांनी पाहिली होती. "तुहं सोवळं असंल तर सांग. एक वीत वरूनच हात धरीन."

जमुनाबाईंना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. "वरूनच धरा," त्या पुटपुटल्या.

त्या आडव्या झाल्या. अनुसयाबाई कोंबडीला घेऊन ओसरीवर बसल्या. बायजाबाईंनी तळवे एकमेकांवर चोळले आणि ते जमुनाबाईंच्या कपाळावर, वीतभर उंच, धरले. जमुनाबाईंनी नामस्मरण सुरू केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. रानातून होल्याचा आवाज येत होता. मग ते हात खांद्यावर आले आणि चुलीपाशी बसल्यावर लागते तशी धग लागली. ती धग खरंच हातांची होती, की अंगणातून येणाऱ्या उन्हाची, हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. मनात मात्र एकच आलं, की नवमीपासून या खांद्याशी कोणी इतकं हळू वागलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात. ठेवा खांद्यावर."

हात टेकला. खरखरीत, जड, कोमट. आणि जमुनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कोणी दरडावलं नव्हतं, कोणी काही विचारलंही नव्हतं. तरी त्या बोलल्या.

"घटापुढचा अखंड दिवा माझ्याकडून विझला. अष्टमीच्या दुपारी. बसल्या बसल्या डोळा लागला. उठून पाहते तर काजळी. मी गुपचूप लावला परत, कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी हात गेला. देवाला माझा हात नको झाला, बाई."

बायजाबाईंचा तळवा हलला नाही.

"तेल होतं का त्यात?"

जमुनाबाईंनी आठवून पाहिलं. "नव्हतं."

"तेल सरलं तर दिवा विझते, माय. आन् रात-रात जागलेल्या मानसाले झोप येते. यात देवाचा राग कोठून आला?"

जमुनाबाईंनी डोळे मिटले. सहा दिवस छातीवर असलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. ओसरीवरून अनुसयाबाईंना ऐकू आलं ते एवढंच, की त्यांची शांत, मृदुभाषी जाऊ चांगली मोठ्यानं घोरते आहे.

जाग आली तेव्हा उन्हं अंगणातून सरकली होती. बायजाबाईंनी पाण्याचा गडवा पुढं केला. "हळूच उठ. आता हात वर कर, दुखंल तेथं थांब."

हात उचलला. कमर, पोट, छाती. तिथं थांबला.

"बरी झाले का मी?"

"नाई. खांदा आपल्या येळेनं सुटते. पन तू त्याले भिऊन आवळून धरला होता, ते सैल झालं. आठ दिवसांनी ये, वाटलं तर."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आळीतल्या बायका अंगणात जमल्या. जमुनाबाईंनी कंदिलात पणती ठेवली आणि दोरीवर उजवा हात टेकवला. छातीइतकाच. त्याच्या वर तो जाणार नव्हता. कालपर्यंत याच गोष्टीनं त्यांचा जीव चालला होता. आज त्यांना त्या खरखरीत तळव्याची आठवण झाली. तो तरी कुठं काही ओढत होता? नुसता टेकला होता.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही ओढा. माझा हात आहे दोरीवर."

अनुसयाबाई पदर खोचून पुढं आल्या आणि ओढू लागल्या. दोरी जमुनाबाईंच्या तळव्याखालून सरसर सरकत गेली आणि कंदील बांबूच्या टोकाला जाऊन डुलू लागला. सासूबाईंना दिसत असेल तर दिसो, असं त्यांना वाटलं. लपवण्यासारखं आता काही नव्हतं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याला आणि जाऊबाईंनाही सगळं सांगून झालं होतं.

"तेल घातलं ना पुरतं?" अनुसयाबाईंनी वर पाहत विचारलं. "नाईतर विझंल, आन् तू परत मले कोंबडी घ्याले लावशील."

"बोटभर जास्तच घातलं," जमुनाबाई म्हणाल्या, आणि आळीला ऐकू जाईल एवढ्यानं हसल्या.